दुसरी ओळ

रात्री पावणेदोनला मी माझ्याच हातानं बाहेर पडले.
म्हणजे होते घरातच, मानेवाड्याला, कूलरसमोर,
आणि तिथून परसोडीच्या आयटी पार्कातल्या
एका लोखंडी खोक्यात पूल बांधत होते.

एका खोक्यात अकरा सर्व्हर.
एकालाही अंग नाही, वजन नाही,
तरी प्रत्येकाला वाटतं, आपलं स्वतःचं कार्ड आहे.
खरं कार्ड एकच. एथ-झिरो.
हिरवा दिवा, मळकी केबल.
अकरांच्या नसलेल्या तारा आणायच्या पुलावर
आणि पुलाचं टोक बांधायचं त्या खऱ्या कार्डाला.

यात एक गोम आहे.
पत्ता कार्डाकडून काढून पुलाला द्यावा लागतो.
कार्डानं मग बिनपत्त्याचं राहायचं,
नुसतं वाहून न्यायचं.
दर बॅचला पोरांना सांगते,
दोन्ही ओळी एका दमात लिहा रे,
शिडीवर उभं राहून शिडी काढू नका.

मी पहिली ओळ लिहिली. कार्डाचा पत्ता काढ.
एंटर.
काढला.
दुसरी ओळ बोटांवरच राहिली.
सांगणार कुठून?
ज्या वाटेनं सांगत होते
तीच मी आत्ता गुंडाळून ठेवली होती.
कर्सर थिजला. कूलरचा पंप गुरगुरत राहिला.

पाचला कळमन्याचा काटा सुरू होतो.
लांजेवार अडत्यांच्या पावत्या अकरांतल्या सातव्यात.

स्कूटी काढली.
सुचितानं झोपेतच विचारलं, "कुठं चालली?"
"पत्ता द्यायला."
"दिवसा दे ना," म्हणाली, आणि भिंतीकडे वळली.

रिंगरोडवर मे महिना, रात्रीही न निवलेला.
ओंकारनगर, नरेंद्रनगर, छत्रपती चौक.
झिरो माइलचा खांब आठवला, जो या वाटेत लागत नाही.
दगडी घोडे, कुठंही न निघालेले.
तिथून म्हणे अंतरं मोजायचे.
आमच्याकडेही एक आहे,
शून्य टिंब शून्य टिंब शून्य टिंब शून्य.
ज्याचा ठावठिकाणा आपल्याला माहीत नाही
ते सगळं त्याच्या नावानं दाराबाहेर धाडायचं.
पुढचं पुढचा बघेल.

गेटवर खोब्रागडेकाका. रोज बघतात, तरी रजिस्टर.
नाव. कुठून. कोणाकडे. कारण.
"काका, मी हो."
"तुमीच आहा म्हनून तं लिहा. उद्या कोनी पुसलं तं?"
लिहिलं. कारण: एक ओळ राहिली.
त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन वाचलं.
"एका ओळीसाठी?"
"हो."
"बरं बाप्पा." आडवा दांडा वर गेला.

आतल्या खोलीत अठरा अंश. पाठीवरचा घाम गार झाला.
ट्रॉलीवरचा मॉनिटर लावला, कीबोर्डची एक कळ उडालेली.
खोक्यात अकराही जण आपापसात बोलत होते,
बाहेर जग आहे की नाही
याची त्यांच्यात चर्चा नव्हती.

दुसरी ओळ लिहिली. पुलाला पत्ता. पुलाला कार्ड.
शेजारच्या मशीनला हाक मारली, ओ आली.
बाहेर हाक मारली.
काही नाही.
पुन्हा मारली. काही नाही.
तीन वाजून चार मिनिटं.
खुर्ची नव्हती, म्हणून फरशीवर बसले,
आणि मग खांब पुन्हा आठवला, घोड्यांसकट.

पत्ता काढला की त्याच्यासोबत दारही जातं.
शून्यं जातात.
हे मी पोरांना कधीच सांगितलेलं नाही,
कारण माझंच आजवर कधी गेलं नव्हतं.

तिसरी ओळ. दार.
चौसष्ट बाइट.
चौसष्ट बाइट.
चौसष्ट बाइट, नऊ मिलिसेकंद.
मग अकरांच्या तारा एकेक करून पुलावर आणल्या,
सातव्याची आधी.

बाहेर आले तेव्हा काकांनी रजिस्टर पुढे सरकवलं.
"झालं काम?"
"झालं. पण दोन ओळी लागल्या."
त्यांनी पेन मागितलं,
कारणाच्या रकान्यात 'एक' खोडलं,
वर बारीक अक्षरात 'दोन' लिहिलं,
आणि खोडल्यावर मला सही करायला लावली.